सोनोग्राफी, दूरनियंत्रित

रुग्ण एका गावी आणि तपासणारा तज्ञ दुसऱ्या गावी असताना, रुग्णाच्या अंगावर टेकविलेली श्राव्यातीत ध्वनीची एषणी यांत्रिक साधनाने दुरून हालवून शरीरातील इंद्रियांची प्रतिमा मिळविण्याची पद्धत. माणसाच्या कानाला सु. २० किलोहर्ट्‌झपर्यंतच्या कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येचा) ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडील ध्वनीला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. वैद्यकात सामान्यतः २ ते १५ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचा ध्वनी वापरतात. रुग्णालयात सर्वजण जिला ‘प्रोब’ म्हणतात ती एषणी म्हणजे अशा ध्वनीचे अल्पकालिक स्पंद शरीरात सोडणारे व ऊतकांच्या (पेशीसमूहांच्या) सीमांवरून परत आलेले प्रतिध्वनी टिपणारे साधन होय. ही एषणी दुरून हालविणाऱ्या यंत्रांना ‘रोबॉट’ किंवा ‘यंत्रमानव’ म्हणण्याचा प्रघात आहे. पण या नावांनी मानवाकृतीचा जो भास होतो, तो येथे अस्थानी आहे. यांतील पहिली यंत्रे कारखान्यातील यांत्रिक बाहूंसारखी होती, तर अलीकडील सर्वांत लहान यंत्र मुठीत मावते. बाहूपासून मुठीपर्यंतचा हा प्रवास कसा झाला व त्यात तज्ञाच्या हाताचे कोणते काम यंत्राकडे गेले आणि कोणते गेले नाही, याचा इतिहास येथे दिला आहे.

क्ष-किरण छायाचित्र आणि सोनोग्राफी यांत एक मूलभूत भेद आहे व तो लक्षात घेतल्याशिवाय या विषयाचे मर्म कळत नाही. क्ष-किरण छायाचित्र तंत्रज्ञ घेतो आणि ते नंतर कोणीही, कोठेही वाचू शकतो. टपालाने पाठविले तरी त्यातील माहिती कमी होत नाही. सोनोग्राफीत पाहणे व हात फिरविणे या दोन क्रिया वेगळ्या करता येत नाहीत. एषणीतून एका वेळी शरीराचा एक पातळसा छेद तेवढा दिसतो. एषणी काही अंशांनी कलली, की पित्ताशयातील खडा दिसेनासा होतो. आतड्यातील वायू वाटेत आला, तर तज्ञ एषणी किंचित दाबून तो बाजूला सारतो, रुग्णास कुशीवर वळावयास सांगतो, श्वास रोखावयास लावतो. पडद्यावर दिसणाऱ्या अर्धवट आकृतीवरून पुढची हालचाल ठरते व त्या हालचालीने आकृती पुरी होते. त्यामुळे अननुभवी हाताने घेतलेल्या प्रतिमा दूरच्या तज्ञाकडे पाठविल्या, तर जे त्यांत आलेच नाही, ते नंतर कोणासही दिसणार नाही. म्हणूनच प्रतिमा दूर पाठविण्याची सोय झाल्यावरही हात दूर पाठविण्याचा प्रश्न उरला.

एषणी व त्वचा यांमध्ये हवेचा थर राहिला, तर जवळजवळ सर्व ध्वनी तेथूनच परावर्तित होतो, ही दुसरी अडचण. यासाठी त्वचेवर जेल लावतात आणि एषणी सतत टेकलेली ठेवावी लागते. पोटाच्या तपासणीत हा दाब सामान्यतः अर्धा ते दोन किग्रॅ. वजनाइतका असतो, स्थूल व्यक्तीत तो वाढवावा लागतो, तर नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या वा दुखऱ्या भागावर अगदी कमी ठेवावा लागतो. हा विवेक तज्ञाच्या मनगटात असतो. यंत्रात तो आणणे हे या विषयातील सर्वांत अवघड काम ठरले.

पूर्वपीठिका : झाक व प्येअर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाबविद्युत् परिणामाचा (काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत् भार निर्माण होण्याचा) शोध लावला. पहिल्या महायुद्धात पॉल लांझ्‌व्हँ यांनी क्वॉर्ट्‌झ स्फटिकांच्या साहाय्याने पाण्याखालील पाणबुड्यांचा वेध घेणारे साधन तयार केले. पुढे याच तत्त्वावर धातूंच्या ओतकामातील भेगा शोधणारी उपकरणे निघाली [⟶ श्राव्यातीत ध्वनिकी]. व्हिएन्ना येथील कार्ल डुसिक यांनी १९४२ मध्ये कवटीतून ध्वनी आरपार पाठवून मेंदूतील पोकळ्यांचे चित्र मिळविल्याचे प्रसिद्ध केले; ती चित्रे प्रत्यक्षात बव्हंशी कवटीच्या हाडामुळेच उमटली होती, असे नंतर दिसून आले.

अमेरिकेत डेन्व्हर येथे डग्लस हाऊरी यांनी रुग्णास पाण्याच्या टाकीत बसवून त्याच्याभोवती ऊर्जापरिवर्तक (विद्युत् ऊर्जेचे ध्वनीत व ध्वनीचे विद्युत् ऊर्जेत रूपांतर करणारा घटक) यंत्राने फिरविण्याची पद्धत १९५० नंतरच्या दशकात अवलंबिली. त्यांच्या एका यंत्रात बी–२९ जातीच्या बाँबफेकी विमानातील तोफेच्या फिरत्या मनोऱ्याचे भाग वापरले होते. चित्रे चांगली येत. पण आजारी माणसाला मानेपर्यंत पाण्यात बसविणे व्यवहार्य नव्हते. येथे एषणी यंत्राने फिरत होती, मात्र त्यासाठी रुग्णालाच यंत्राच्या सोयीने वागावे लागत होते.

ग्लासगो येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इअन डॉनल्ड यांनी २१ जुलै १९५५ रोजी रेनफ्रू येथील बाष्पित्रे बनविणाऱ्या कारखान्यात जाऊन, शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी व द्रवार्बुदे (द्रवाने भरलेल्या पिशव्या) धातुपरीक्षणाच्या उपकरणाखाली ठेवून पाहिली. तुलनेसाठी गोमांसाचा एक तुकडाही तेथे ठेवला होता. घन गाठ व द्रवाची पिशवी यांचे प्रतिध्वनी स्पष्टपणे वेगळे आले. डॉनल्ड, जॉन मॅकव्हिकार व तरुण अभियंता टॉम ब्राउन यांचा निबंध लॅन्सेट या नियतकालिकात जून १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. असाध्य कर्करोग ठरविलेल्या एका स्त्रीच्या पोटात प्रत्यक्षात अंडाशयाचे द्रवार्बुद आहे हे या पद्धतीने कळले व शस्त्रक्रियेने ती बरी झाली. या घटनेने शंकेखोर सहकाऱ्यांची मते बदलली.

ब्राउन यांच्यापुढे तेव्हाच एक प्रश्न उभा राहिला होता व प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. एषणी हाताने फिरविली, तर फिरविणाऱ्याच्या मनात जे निदान आहे तेच चित्रात उमटणार नाही कशावरून? हातावरचे हे अवलंबन टाळण्यासाठी त्यांनी १९६० च्या सुमारास एक स्वयंचलित यंत्र तयार केले. त्यात विद्युत् चलित्राच्या (मोटरच्या) साहाय्याने एषणी पोटावरून ठराविक रीतीने डोलत पुढे सरकत असे. यंत्र चालले, प्रदर्शितही झाले. परंतु ते अवजड व महाग होते आणि पुढे बाजारात आलेल्या यंत्रांत एषणी पुन्हा माणसाच्या हातीच आली. डेन्व्हर येथे याच सुमारास तयार झालेल्या सांधेदार बाहूतही एषणी हातानेच फिरवीत. बाहूच्या सांध्यांतील संवेदक तिची जागा व कोन यांची फक्त नोंद करीत. सोनोग्राफीच्या बहुतेक वृत्तांतांत ब्राउन यांचे स्वयंचलित यंत्र एक चुकलेली वाट म्हणून ओझरते उल्लेखिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र दूरनियंत्रित सोनोग्राफीचा आरंभ येथेच शोधला पाहिजे. अंतराचा प्रश्न तेव्हा नव्हता, पण एषणी कोणी हालवावयाची हा प्रश्न स्पष्टपणे प्रथम तेथेच विचारला गेला.

नेदर्लंड्समध्ये रॉटरडॅम येथे निकोलास बॉम यांनी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत वीस लहान घटक एका ओळीत बसवून हृदयाची हालती प्रतिमा त्याच क्षणी दाखविणारी एषणी बनविली. ध्वनिशलाका इलेक्ट्रॉनीय रीतीने सरकू लागली, त्यामुळे चित्र उमटण्यासाठी एषणी यंत्राने घासत नेण्याची गरज संपली आणि सांधेदार बाहू हळूहळू अडगळीत गेले. हात पूर्ण मोकळा झाला. मात्र जुन्या बाहूत एषणीची जागा व कोन यांची जी नोंद आपोआप होत असे, तीही याबरोबर नाहीशी झाली. प्रतिमा कोठून व कशी घेतली हे आता केवळ तपासणाऱ्याला ठाऊक असे. तीस वर्षांनंतर दूरनियंत्रणाची यंत्रे बनविणाऱ्यांना हीच माहिती नव्याने मोजावी लागली.

तोंडी मार्गदर्शन : तज्ञ अजिबात जवळ नाही अशी सर्वांत टोकाची परिस्थिती अवकाशात असते. फ्रान्समधील तूर येथील लेआंद्र पुर्सलो व त्यांचे सहकारी यांनी तयार केलेले उपकरण घेऊन झां-लू क्रेत्यां हे जून १९८२ मध्ये सोव्हिएट रशियाच्या सॅल्यूत–७ या अवकाशस्थानकावर गेले. वजनरहित अवस्थेत हृदय व रक्तवाहिन्या यांत होणारे फेरफार पाहणे हा त्यामागील हेतू होता. पात्रिक बोद्री यांनी १९८५ मध्ये अमेरिकेच्या डिस्कव्हरी यानातून असेच उपकरण नेले. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर २००१ मध्ये सोनोग्राफीचे यंत्र बसविल्यावर पेगी व्हिट्‌सन आणि त्यांच्यानंतरचे अंतराळवीर यांनी पृथ्वीवरील तज्ञांच्या तोंडी सूचनांनुसार एकमेकांची वा स्वतःची तपासणी केली. प्रतिमा व सूचना यांच्या येण्याजाण्यात सु. दोन सेकंदांचा विलंब होई. थोड्या प्रशिक्षणानंतरही उपयुक्त प्रतिमा मिळतात हे यातून सिद्ध झाले. पण अंतराळवीर हे निवडक, निरोगी व सूचना काटेकोरपणे पाळणारे लोक असतात, हे विसरून चालणार नाही. ‘थोडे डावीकडे, आता शेपटाकडचा भाग उचला, नाही, तितका नको’ अशा सूचनांनी एखाद्या खेड्यातील परिचारिकेला गर्भाच्या मस्तकाचा अचूक छेद मिळवून देणे किती कठीण आहे, ते ज्याने अशा सूचना दिल्या आहेत त्यालाच कळेल.

पहिली यंत्रे : विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोनतीन वर्षांत एकमेकांपासून दूर असलेल्या अनेक प्रयोगशाळांत यंत्राने एषणी हालविण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यांच्या प्रेरणा वेगवेगळ्या होत्या. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात सेप्टीमियु साल्कुडीन व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये मानेतील रोहिणीच्या तपासणीसाठी बनविलेल्या यंत्रामागे सोनोग्राफी करणाऱ्यांच्या दुखण्याचा विचार होता. दिवसभर हात ताठ धरून एषणी दाबण्याने त्यांच्यापैकी बहुसंख्यांना मनगट, खांदा व मान यांच्या वेदना जडतात. यंत्राने भार उचलावा आणि माणसाने केवळ दिशा द्यावी, ही त्यामागील कल्पना होती. फ्रान्समधील माँपेल्ये येथे त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘हिपॉक्राट’ या यंत्रात औद्योगिक पद्धतीचा बाहू वापरून रोहिणीच्या भित्तीच्या पुनःपुन्हा एकसारख्या प्रतिमा घेण्याचा उद्देश होता. जपानमध्येही २००१ च्या सुमारास अशी यंत्रे तयार झाली.

ग्रनॉबल येथील ‘टीईआर’ या यंत्राची (२००३) घडण यांहून निराळी होती. त्यात धातूचा बाहू नव्हताच. रुग्णाच्या पोटावर पट्ट्यांनी बांधलेली एक कडी चार बाजूंनी ओढली जाई व हवेच्या दाबाने आखडणारे कृत्रिम स्नायू ती ओढण्याचे काम करीत. रुग्णाने श्वास घेतला, की यंत्र त्याच्या पोटाबरोबर वर येई आणि सोडला, की खाली जाई. ताठ बाहूला श्वासोच्छ्‌वासाशी जुळवून घेण्यास शिकवावे लागते. येथे ते रचनेतच होते. हवेचे स्नायू अचूकतेत मात्र कमी पडत आणि सर्व जुळणी करण्यास वेळ लागे.

यंत्र लहान कसे झाले : कमी वजनाच्या यंत्राचा विचार सर्वांत चिकाटीने मध्य फ्रान्समध्ये झाला. बूर्झ येथील प्रयोगशाळेत झेरार प्वासाँ, प्येअर व्हिएर व त्यांचे सहकारी आणि तूर येथील रुग्णालयात फिलिप आर्बेय यांनी १९९८ पासून ‘सिर्टेक’, ‘तेरेसा’, ‘ओटेलो’ व ‘एस्तेल’ अशी यंत्रांची मालिकाच तयार केली. यांपैकी ओटेलो हा यूरोपीय संघाच्या साहाय्याने चाललेला प्रकल्प होता (२००१–०४). एस्तेलच्या अनुभवावरून निघालेले ‘मेलडी’ हे यंत्र पुढे बाजारात आले.

या मालिकेतील मूळ कल्पना हाताच्या निरीक्षणातून आली. तज्ञाच्या हाताच्या एकूण सहा स्वतंत्र हालचाली असतात : त्वचेवरून दोन दिशांना सरकणे, त्वचेवर दाबणे, दोन दिशांना कलणे आणि स्वतःभोवती फिरणे. या सर्व यंत्राने करावयाच्या, तर रुग्णाच्या अंगावर पोहोचणारा मोठा बाहू, त्याला पेलणारे बूड आणि बाहू रुग्णावर आदळू नये यासाठी सुरक्षेची मोठी व्यवस्था लागते. निरीक्षणात असे दिसते, की तज्ञ एषणी एका जागी ठेवतो व मग बराच वेळ तेथेच कलवीत आणि फिरवीत राहतो. सरकण्याच्या हालचाली मोठ्या पण थोड्या व ढोबळ असतात. कलण्याफिरण्याच्या हालचाली लहान, पुष्कळ व नाजूक असतात. प्रतिमेचे बरेवाईट मुख्यतः दुसऱ्या प्रकारावर ठरते. तेव्हा पहिल्या प्रकारचे काम रुग्णाजवळच्या माणसाकडे सोपवावे व दुसऱ्या प्रकारचे तेवढे यंत्राकडे द्यावे, अशी विभागणी करण्यात आली. रुग्णाजवळचा साहाय्यक यंत्राची चौकट दोन्ही हातांनी धरून तज्ञ सांगेल तेथे टेकवितो. एषणी कलविणे व फिरविणे तज्ञ दुरून करतो. यंत्र टेबलावर वा जमिनीवर उभे राहावयाचे नसल्याने त्याचे वजन तीनचार किग्रॅ.पर्यंत खाली आणता आले.

कलण्याच्या यंत्रणेत भूमितीचा एक नाजूक मुद्दा आहे. एषणीचे टोक त्वचेवर जेथे टेकले आहे तो बिंदू न हलता बाकीची एषणी कलली पाहिजे. तो सरकला, तर तज्ञाला हवा असलेला छेद निसटतो व त्वचाही ओढली जाते. भोवरा आपल्या आरीवर जागच्या जागी राहून जसा कलतो, तसे हे कलणे असते. परंतु भोवऱ्याच्या आरीपाशी जमीन असते, तर येथे त्या जागी रुग्णाचे अंग असल्याने कोणताही सांधा बसविता येत नाही. यावर उपाय म्हणून तीन फिरते सांधे एषणीच्या वरच्या बाजूस असे बसवितात, की त्यांचे अक्ष वाढविले असता ते एकाच बिंदूत, म्हणजे त्वचेवरील स्पर्शबिंदूत मिळावेत. तिन्ही सांधे कसेही फिरले, तरी तो बिंदू स्थिर राहतो. एषणीची लांबी बदलली, की तो बिंदूही बदलतो. म्हणून दर जातीच्या एषणीसाठी पकड नीट जुळवावी लागते. एषणीला अक्षाच्या दिशेने थोडे मागेपुढे सरकू देणारी चौथी हालचाल दाब सांभाळते.

तज्ञाच्या बाजूस खऱ्या एषणीसारखी दिसणारी, पण ध्वनी न सोडणारी लुटुपुटीची एषणी असते. तिच्यातील संवेदक तिचा कल ओळखून यंत्राकडे आज्ञा पाठवितात. तज्ञाच्या डोळ्यांसमोर प्रतिमा असते. दुसऱ्या पडद्यावर रुग्ण दिसतो. आरंभीच्या यंत्रांतील तज्ञांची तक्रार अशी, की हातात काहीच लागत नाही, जणू हवेत सोनोग्राफी चालली आहे. त्यामुळे रुग्णाकडील दाब मोजून तज्ञाच्या एषणीत स्प्रिंग वा चलित्र यांच्याद्वारे तेवढाच प्रतिकार निर्माण करण्याचे प्रयत्न झाले. विलंब असताना असा प्रतिकार परत पाठविणे धोक्याचे ठरते. जुन्या दाबाला हात आता उत्तर देतो, तोवर दाब बदललेला असतो आणि दोन्ही टोकांना थरथर सुरू होते. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तापासून सु. ३५,८०० किमी. उंचीवर असल्याने आज्ञा जाऊन प्रतिमा परत येण्यास केवळ प्रवासातच सु. अर्धा सेकंद लागतो. एवढ्या विलंबातही तज्ञ काम करू शकतात. मात्र ते हात थोडा हालवून थांबतात, प्रतिमा स्थिर झाली की पुन्हा हालवितात. हृदयासारख्या सतत हालणाऱ्या इंद्रियाच्या तपासणीत ही लय त्रासदायक होते.

आकार कमी करण्याची पुढची पायरी म्हणजे एषणीला बाहेरून हालविणे सोडून देऊन तिच्या आतील स्फटिकच हालविणे. ही युक्ती अगदी नवी नव्हती. ऑस्ट्रियातील क्रेट्‌झटेखनिक या कंपनीने १९८९ मध्ये विक्रीस आणलेल्या त्रिमितीय प्रतिमांच्या यंत्रात एषणीच्या बंद कवचात स्फटिकांची ओळ चलित्राने डोलविली जात असे. आर्बेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा उपयोग दूरनियंत्रणासाठी केला. या चलित्रयुक्त एषणीत स्फटिकांची ओळ कवचाच्या आत कलते व फिरतेही; कवच मात्र साहाय्यकाच्या हातात स्थिर राहते. तिचे वजन अर्ध्या किग्रॅ.हून कमी असते. रुग्णाच्या अंगाला हालणारा एकही भाग लागत नसल्याने आदळण्याचा, चिमटण्याचा प्रश्न उरत नाही आणि स्पर्शबिंदूची भूमितीही सोपी होते. पैलू एकच वाईट : चलित्र, दंतचक्रे, ध्वनी वाहून नेणारा द्रव व त्याची गळतीरोधक बांधणी हे सर्व मुठीएवढ्या जागेत बसवावयाचे असल्याने एषणीचे तोंड रुंद होते, आणि बरगड्यांमधल्या अरुंद फटीत ते नीट बसत नाही.

अशा एषणीचे यंत्र २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर तॉमा पेस्के यांच्या मोहिमेत वापरण्यात आले. फ्रान्समधील नियंत्रणकेंद्रातून तज्ञाने स्फटिकांची दिशा बदलली व अंतराळवीराने एषणी केवळ जागेवर धरून ठेवली. क्रेत्यां यांच्या १९८२ मधील तपासणीपासून येथपर्यंत पस्तीस वर्षे गेली होती. तत्पूर्वी तूरपासून सु. ६० किमी. अंतरावरील एका केंद्रात आर्बेय यांनी बाहू, चलित्रयुक्त एषणी व निव्वळ तोंडी मार्गदर्शन या तीन पद्धती शेजारी शेजारी वापरून ३४० तपासण्या केल्या व त्यांचा वृत्तांत २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. या तुलनेची मांडणीच बोलकी आहे. यंत्र बनविणाऱ्यांनी यंत्राविना होणाऱ्या तपासणीला प्रतिस्पर्धी मानले, हा प्रामाणिकपणा या क्षेत्रात सरसकट आढळत नाही.

प्रत्यक्ष वापर : यंत्राचे मोल प्रतिमेच्या स्पष्टतेपेक्षा रुग्णाच्या वाट पाहण्यात मोजावे, हे स्वीडनमधील एका अभ्यासाने दाखवून दिले. उत्तर स्वीडनमधील आर्येप्लोग या लहान गावापासून हृदयतज्ञ असलेले शेलेफ्टेयो हे शहर सु. २०० किमी. दूर आहे. हृदय दुर्बल झाल्याची शंका असलेल्या ३८ रुग्णांची दोन गटांत यदृच्छया विभागणी करून एका गटास नेहमीप्रमाणे शहरात पाठविले व दुसऱ्याची तपासणी गावातच दूरनियंत्रित बाहूने करून लगेच तज्ञाशी बोलणे करून दिले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार निदान व सल्ला पुरा होण्यास पहिल्या गटात मध्यमानाने ११४ दिवस, तर दुसऱ्यात सु. २७ दिवस लागले. वाचलेले दिवस तपासणीतले नव्हते. ते रांगेतले व प्रवासातले होते.

कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात सॅस्कटून येथील वैद्यांनी मेलडी यंत्राचा उपयोग प्रथम त्याच शहरात दोन खोल्यांमध्ये तपासून पाहिला. पोटातील बहुतेक इंद्रिये नेहमीच्या तपासणीइतकीच दिसली. गर्भाच्या तपासणीत मात्र काही अंगे नीट दिसली नाहीत व वेळही अधिक लागला. त्यानंतर प्रांताच्या उत्तरेकडील, मुख्यतः डेने लोकांची वस्ती असलेल्या ला लोश या गावी यंत्र नेण्यात आले. तेथून सॅस्कटून सु. ६०० किमी. आहे. २०२० च्या वसंतात या गावी कोव्हिड–१९ ची साथ पसरली, प्रवासावर निर्बंध आले आणि गरोदर स्त्रियांना शहरात नेणे जवळजवळ बंद झाले. त्या आठवड्यांत त्यांची सोनोग्राफी शहरातील तज्ञांनी दुरून केली. बहुतेक तपासण्या निदानास पुरेशा ठरल्या, काही अपुऱ्या राहिल्या. चीनमध्ये त्याच वर्षी फेब्रुवारीत हांगजो येथील वैद्यांनी वूहान येथील तात्पुरत्या रुग्णालयातील रुग्णाच्या फुप्फुसांची व हृदयाची तपासणी यांत्रिक बाहूने केली. तेथे अंतराइतकाच संसर्गाचाही प्रश्न होता.

या सर्व उदाहरणांत एक व्यक्ती जवळजवळ अनामिक राहते. चौकट धरणारी परिचारिका किंवा आरोग्यसेविका ही निबंधांत ‘अप्रशिक्षित साहाय्यक’ म्हणून येते. हा शब्द फसवा आहे. यंत्र जितके लहान, तितके साहाय्यकाचे काम अधिक, असा येथील नियम आहे. मोठा बाहू स्वतः सरकत होता व स्वतः दाबत होता. मेलडीत सरकविण्याचे काम साहाय्यकाकडे आले. चलित्रयुक्त एषणीत दाबण्याचेही आले. रुग्ण कण्हला तर हात सैल करणे, बरगडीची कड चुकविणे, जेल वाळला हे ओळखणे, भ्यालेल्या स्त्रीला धीर देणे ही कामे कोणत्याही चलित्राने केलेली नाहीत. एषणी लहान झाल्यामुळे यंत्राची किंमत व वजन उतरले, पण तज्ञाच्या हातातील कौशल्याचा एक भाग नाहीसा न होता रुग्णाच्या खाटेपाशी स्थलांतरित झाला. त्यासाठी लागणारे शिक्षण आणि वेतन यांची तरतूद यंत्राच्या किंमतपत्रकात नसते.

एषणीचे मूळ तंत्रही या काळात बदलले. दाबविद्युत् स्फटिकांऐवजी सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेल्या सूक्ष्म पटलांचा उपयोग करण्याचे काम १९९० नंतर स्टॅनफर्ड विद्यापीठात झाले आणि २०१७ मध्ये अशी खिशात मावणारी एषणी अमेरिकेत विक्रीस मान्य झाली. अमेरिकेतीलच मॅसॅचूसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२२ मध्ये त्वचेला दोन दिवस चिकटून राहणारी पट्टीवजा एषणी प्रसिद्ध केली. ती जागेवरून हालत नाही. दिशा बदलणे हे काम तिच्यात इलेक्ट्रॉनीय रीतीने करावे लागते.

भारतातील प्रश्न : भारतात अशा साधनांची गरज उघड आहे, तज्ञ शहरांत एकवटलेले असून दुर्गम तालुक्यांतील गरोदर स्त्रीला एका तपासणीसाठी दिवसाची मजुरी बुडवून प्रवास करावा लागतो. मात्र येथे सोनोग्राफीचे यंत्र ही केवळ वैद्यकीय वस्तू नाही. गर्भाचे लिंग ओळखून मुलींचे गर्भ पाडण्यासाठी तिचा दुरुपयोग झाल्याने महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगनिदानाच्या तंत्रांचे नियमन करणारा कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १९९६ पासून अंमलात आला व २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणीची मुकाट्याने नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण बसविण्याच्या आदेशास वैद्यांच्या संघटनेने आव्हान दिले असता मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो आदेश उचलून धरला. पुढच्याच वर्षी सुवाह्य यंत्रांच्या वापरावर नियमांद्वारे मर्यादा घालण्यात आल्या : असे यंत्र नोंदणीकृत रुग्णालयाच्या आवारात किंवा नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येते.

यंत्र लहान व सुवाह्य करणे हे अभियंत्यांचे यश असले, तरी या कायद्याच्या दृष्टीने नेमका तोच गुण संशयास्पद ठरतो, आणि गेल्या काही दशकांचा अनुभव पाहता तो संशय निराधार म्हणता येत नाही. यंत्र, तपासणारा आणि रुग्ण हे एकाच नोंदणीकृत जागी आहेत, या कल्पनेवर कायद्याची बहुतेक नोंदपद्धती उभी आहे. गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी ‘नमुना एफ’ भरावा लागतो व गर्भाचे लिंग आपण ओळखले वा कोणास सांगितले नाही, असे तपासणी करणाऱ्या वैद्याने त्यावर सहीनिशी लिहून द्यावयाचे असते. दूरनियंत्रित तपासणीत एषणी धरणारी व्यक्ती गावात असते, प्रतिमा शहरात पाहिली जाते आणि ती दोन्ही पडद्यांवर एकाच वेळी दिसते.